रस्ता केंद्राचा, मग राज्याच्या पोलिसाने गाडी का अडवायची?

प्रश्न असा आहे. राष्ट्रीय महामार्गावर टोलनाका ओलांडून थोडं पुढे गेल्यावर वाहतूक पोलिसांनी एकाची कार बाजूला घ्यायला लावली. पोलीस शिपायाने लायसन्स मागितलं. चालकाने काच अर्धीच खाली केली आणि म्हणाला, ‘रस्ता केंद्र सरकारचा आहे, आणि पीएसआयच्या (पोलीस उपनिरीक्षकाच्या) खालच्या माणसाला गाडी थांबवायचा अधिकारच नाही.’ दहा-पंधरा मिनिटं हुज्जत झाली. शेवटी शिपायाने आत हात घालून चावी काढून घेतली. मशीनवर नंबर टाकला, तर विमा अकरा दिवसांपूर्वी संपलेला. ‘आत्ता दंड भरा, नाहीतर गाडी जमा.’ यांनी पैसे भरले नाहीत. ई-चलान आलं, त्यावर मोटार वाहन कायद्याची दोन कलमं : १७९ (पोलिसाची सूचना न पाळणं) आणि १९६ (विमा नसणं). आता ते विचारतात की यातलं कायदेशीर काय आणि बेकायदा काय.

मी एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली शेवटची बारा वाहतुकीत आणि महामार्गावर. त्यामुळे ही हुज्जत मी दोन्ही बाजूंनी ऐकलेली आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो : थांबवणं बरोबर, लायसन्स मागणं बरोबर, विम्याचं चलान बरोबर, गाडी जमा करण्याची धमकी पोकळ, आणि चावी काढणं चूक. १७९चं थोडं गुंतागुंतीचं आहे, ते शेवटी.

आधी रस्त्याच्या मालकीचं बघू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत येतात, नोंद २३. पोलीस राज्याच्या यादीत, नोंद २. यांत्रिक वाहनं समवर्ती यादीत, नोंद ३५. म्हणजे रस्ता बांधायचा, रुंद करायचा, टोल बसवायचा तो केंद्राने. पण त्या रस्त्यावर कोण कसं चालवतं हे बघायचं काम राज्याच्या पोलिसांचं, आणि कायदा संसदेने केलेला : मोटार वाहन कायदा १९८८. धरण पाटबंधारे खात्याचं असतं म्हणून त्याच्या भिंतीवर झालेल्या मारामारीची फिर्याद कुणी पाटबंधारे खात्यात नेत नाही. तसंच आहे हे. उलट राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची गस्तीची गाडी असते ना, तिच्यावरच्या लोकांना तुमचं लायसन्स तपासण्याचा अधिकार नाही. ते बंद पडलेली गाडी ओढून नेतील, शंकू लावतील, ॲम्ब्युलन्स बोलावतील. टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्यालाही तो अधिकार नाही. ही माणसं आणि पोलीस यांच्यात लोक गल्लत करतात, आणि काही वेळा ती माणसं स्वतःही करतात.

पोलिसाचा अधिकार रस्त्याच्या मालकावरून ठरत नाही, तो दोन गोष्टींवरून ठरतो : जागा ‘सार्वजनिक ठिकाण’ आहे का, आणि पोलीस गणवेशात आहे का. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. रस्ता आरपार असो वा नसो, आणि बसचा थांबासुद्धा त्यात आला. द्रुतगती मार्ग, सर्व्हिस रोड, टोलनाक्याच्या रांगा हे सगळं त्यात येतं.

गणवेशाचं मात्र गांभीर्याने घ्या. कायद्याच्या कलम १३०मध्ये शब्दच ‘गणवेशातील कोणताही पोलीस अधिकारी’ असे आहेत. साध्या कपड्यातला माणूस ओळखपत्र नाचवत लायसन्स मागू लागला, तर ‘साहेब, गणवेशातल्या कुणाला तरी बोलवा’ असं शांतपणे म्हणायला हरकत नाही. (गंभीर गुन्ह्यातला आरोपी पकडण्याचा पोलिसांचा अधिकार वेगळ्या कायद्यातून येतो, तिथे गणवेशाची अट नाही. म्हणून रात्री दोन वाजता नाकाबंदीवर हा मुद्दा ताणू नका.) ट्रॅफिक वॉर्डन हात दाखवून वाहतूक वळवू शकतो, लायसन्स मागणं किंवा पावती करणं त्याचं काम नाही.

आता ‘पीएसआयच्या खालच्याला थांबवता येत नाही’ हा समज. हा इतका पसरलेला आहे की मला नाक्यावर लोकांनी मोबाइलवर कलम उघडून दाखवलं आहे. कलम १३२. त्यात ‘उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेला गणवेशातील पोलीस अधिकारी’ असे शब्द आहेत, खरं आहे. पण पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. ते कलम अपघातासाठी आहे. तुमच्या गाडीमुळे माणसाला, जनावराला, दुसऱ्या गाडीला किंवा मालमत्तेला इजा झाली असेल, तर उपनिरीक्षक सांगेल तेव्हा गाडी थांबवायची आणि लागेल तेवढा वाजवी वेळ, जास्तीत जास्त २४ तास, तिथेच ठेवायची, असं ते सांगतं. एवढा वेळ गाडी अडकवून ठेवायची म्हणून तिथे दर्जा वरचा मागितला आहे. रोजच्या तपासणीशी त्याचा काही संबंध नाही.

रोजची तपासणी चालते कलम १३० आणि ११९ वर. १३०मध्ये ‘कोणताही’ म्हटलं आहे, त्यात शिपाई आला. ११९मध्ये वाहतूक नियंत्रणासाठी उभ्या असलेल्या पोलिसाच्या सूचना पाळायला सांगितलं आहे, तिथेही दर्जा लिहिलेला नाही. आणि साधा विचार करा : चालत्या गाडीतून लायसन्स कसं दाखवणार? मागण्याचा अधिकार दिला, त्यात थांबवणं आलंच.

दर्जाचा प्रश्न येतो तो पैशांपाशी. कलम २००खाली काही गुन्हे तडजोडीने मिटवता येतात, म्हणजे कोर्टात न जाता ठरलेली रक्कम भरून. ती रक्कम किती आणि ती कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायची, हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. म्हणून केंद्राच्या कायद्यातला दंड आणि प्रत्यक्ष चलानवरची रक्कम कधी कधी जुळत नाही. २०१९च्या दुरुस्तीने दंड वाढले, देशात बरेचसे १ सप्टेंबर २०१९पासून लागू झाले. महाराष्ट्राने सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१मध्ये आणलं. मधल्या काळात नाक्यावर रोज एक तरी माणूस व्हॉट्सॲपवरचा तक्ता दाखवत भांडायचा, आणि दोन्ही बाजूंकडे वेगवेगळे तक्ते असायचे.

तडजोड म्हणजे तडजोड. ती तुम्ही मान्य केलीत तर. ‘मला मान्य नाही, कोर्टात बघू’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो वापरला म्हणून पोलिसाने चिडायचं कारण नाही. जागच्या जागी पैसे भरलेच पाहिजेत असं कायद्यात कुठेही नाही. आमच्या काळात पावती पुस्तकं होती, तेव्हा ‘पावती फाडा’ हा शब्द दोघांच्याही तोंडी असायचा. आता मशीन आहे, एसएमएस येतो. पावती नाही, संदेश नाही, तर पैसेही नाहीत, एवढं धरून चाला. दारू पिऊन गाडी चालवणं तडजोडीच्या यादीत नाही. तिथे फक्त कोर्ट. त्यामुळे त्या गुन्ह्यात कुणी ‘इथेच मिटवू’ म्हणालं, तर तो दंड नव्हे, लाच आहे.

कागदपत्रं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ सांगतो की लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेस व परमिट, हे मागितल्यावर दाखवायचं. कागदावर किंवा मोबाइलवर, कसंही. नोव्हेंबर २०१८च्या दुरुस्तीपासून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं चालतात. पुढे १ ऑक्टोबर २०२०पासून असंही झालं की जे कागद पोर्टलवर वैध दिसतात, ते प्रत्यक्ष मागायचे नाहीत. जवळ नसतील तर पंधरा दिवसांत सादर करता येतात. पण हे तुमच्या कामाचं नाही. पंधरा दिवस आहेत ते घरी राहिलेला कागद आणून दाखवायला. त्या दिवशी विमाच नव्हता, तर दुसऱ्या दिवशी काढलेला विमा दाखवून तो गुन्हा पुसला जात नाही. कलम १९६ : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. तडजोडीच्या यादीत हे कलम आहे, त्यामुळे चलान भरून विषय मिटतो. भरून टाका.

मग गाडी जमा करण्याची धमकी? इथे पोलीस सगळ्यात जास्त चुकतात, मीही चुकलो आहे. गाडी अडकवून ठेवायचा अधिकार कलम २०७ देतं, आणि त्यात कारणं मोजून दिली आहेत : चालकाकडे लायसन्सच नाही (कलम ३), तो वयाने लहान आहे (कलम ४), गाडीची नोंदणी नाही (कलम ३९), परमिट नाही किंवा परमिटच्या अटी मोडल्या. यातल्या लायसन्स, वय आणि परमिटच्या बाबतीत गाडीऐवजी आरसी घेऊन पोच देण्याची सोयही त्याच कलमात आहे. विमा नसणं त्या यादीत नाही. हेल्मेट नसणं नाही. सीटबेल्ट नाही. पीयूसी नाही. अपघात होऊन कुणी दगावलं असेल तर गाडी गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून ताब्यात जाते, पण ती वेगळी गोष्ट. साध्या तपासणीत विमा संपलेला निघाला म्हणून २०७ लावता येत नाही. तुम्हाला दिलेली धमकी पैसे तिथल्या तिथे भरून घेण्यासाठी होती. त्यामागे कायदा नव्हता.

ट्रकवाल्यांना एक वाक्य सांगतो, कारण त्यांना हा फरक महागात पडतो. जास्त माल भरलेला असेल तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही असं कायदाच म्हणतो. वजन करायला नकार दिला तर ४०,०००. तिथे ‘गाडी अडकवली’ ही तक्रार चालत नाही.

लायसन्स काढून घेण्याचे नियम आणखी वेगळे. कलम २०६. खोटं वाटलं तर घेता येतं. चालक पळून जाईल, समन्स चुकवेल असं वाटलं तर घेता येतं, पण त्याची पोच द्यावी लागते, आणि त्या पोचवर तुम्ही गाडी चालवू शकता. २०१९मध्ये यात पोटकलम ४ आलं : वेगमर्यादा मोडणं, धोकादायक चालवणं, दारू, शर्यत, दुचाकीवर तिघं, हेल्मेट नसणं, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत लायसन्स घेऊन ते आरटीओकडे निलंबनासाठी पाठवायचं. पोच इथेही मिळते, पण ती घेऊन गाडी चालवता येत नाही. एकाच कलमातल्या दोन पोचपावत्या, एक चालते आणि एक चालत नाही. पोलिसालाही हे नीट सांगता येत नाही, म्हणून पावतीवर पोटकलम कोणतं लिहिलं आहे ते तिथेच बघून घ्या.

आता चावी. कायद्यात चावी काढून घेण्याचं कलम नाही, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. पण मी कलमापेक्षा जे घडलं ते सांगतो. दिवेलागणीची वेळ होती, घाट संपून सरळ रस्ता लागतो तिथली जागा. एका मोटारसायकलवाल्याने थांबायचं सोडून बाजूने निसटायचा प्रयत्न केला. मी पुढे होऊन हँडल धरलं आणि चावी काढली. चावी निघाली तसा मागचा लाल दिवा विझला, हँडल तिरकं होतं ते तसंच लॉक झालं. गाडी पांढऱ्या पट्टीच्या आत, रस्त्यावर. आम्ही दोघं भांडतोय, आणि मागून टेम्पो. त्या ड्रायव्हरने ऐनवेळी कापलं म्हणून मडगार्डवर निभावलं. त्या माणसाचा पाय गाडी आणि दुभाजकाच्या मध्ये होता. त्या दिवशी मी कलमाचा विचार केला नव्हता. किल्ली माझ्या हातात होती आणि ती गाडी कुणालाच हलवता येत नव्हती, एवढं आठवतं. नंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो : नंबर टिपा, पुढच्या नाक्याला वायरलेस करा, गाडी पळाली तर पळू द्या, नंबरप्लेट कुठे जात नाही.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण टोलनाक्यानंतरच्या त्या जागी बहुतेक गाड्या वेगासाठीच अडवल्या जातात. ‘फार जोरात होता’ असं एका पोलिसाने म्हटलं म्हणून शिक्षा होत नाही. कलम १८३ मध्येच लिहिलं आहे की एका साक्षीदाराचं नुसतं मत पुरेसं नाही, ते उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलं पाहिजे. कॅमेऱ्याच्या चलानसाठी २०२१चा नियम १६७अ आहे : फोटोत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट हवी, मोजलेला आकडा, तारीख, वेळ, जागा हवी, त्या पट्ट्यात कॅमेरा असल्याचा फलक हवा, उपकरणाचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं हवं, आणि नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी. कुणी दोन वर्षांपूर्वीचं चलान आज पहिल्यांदा बघत असेल तर ही पंधरा दिवसांची गोष्ट लक्षात ठेवावी. शिवाय ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते.

अटकेची भीतीही पुष्कळांना असते. विनावॉरंट अटक कलम २०२ मध्ये आहे : पोलिसाच्या समोर धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं किंवा दुसऱ्याची गाडी परवानगीशिवाय पळवणं. दारूच्या प्रकरणात अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. फुंकायला नकार देऊन सुटका होत नाही. तो नकारच कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरला जातो. आणि त्याच कलम २०२ मध्ये आणखी एक ओळ आहे जी तुमच्या प्रसंगाला चिकटते : या कायद्याखालचा गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता सांगायला नकार दिला, तर त्यालाही अटक करता येते.

म्हणून आता कलम १७९. कायदेशीर सूचना मुद्दाम न पाळणं किंवा कामात अडथळा आणणं, दंड २,००० रुपयांपर्यंत. यात ‘कायदेशीर’ हा शब्द महत्त्वाचा. लायसन्स मागणं कायदेशीर होतं. तुम्ही दहा-पंधरा मिनिटं काच अर्धी ठेवून ते दिलं नाही. तुमचं मत प्रामाणिक असेल, पण चुकीचं होतं, आणि ‘मला कलम वेगळं वाटलं’ हा बचाव न्यायाधीश फार ऐकून घेत नाहीत. मोबाइलवर चित्रीकरण केलं असेल तर तो गुन्हा नाही, सार्वजनिक रस्त्यावर ते करता येतं. अंगावर हात टाकणं किंवा ढकलणं झालं असतं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागलं असतं, आणि तिथे कोर्टाचा प्रवास लांबचा असतो. तेवढं झालं नाही हे बरं.

माझ्या मते १७९ला तुम्ही कोर्टात आव्हान दिलंत तरी ते कलम टिकायची शक्यता अर्ध्याहून जास्त आहे. पण चावीचा प्रसंग चित्रीकरणात असेल, तर तो सांगून पाहण्यासारखा आहे : चावी काढल्यानंतर तुम्ही कागद दाखवले की नाही, आणि १७९ कोणत्या मिनिटाला लावलं, हे विचारता येतं. चावीची तक्रार मात्र चलानच्या तक्रारीत मिसळू नका. चलानची हरकत महाट्रॅफिकच्या (राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान सेवेच्या) तक्रार विभागात, चलान क्रमांकासह, फक्त कलमाबद्दल. चावीची तक्रार वेगळ्या अर्जात, महामार्ग पोलीस असतील तर त्या विभागाच्या पोलीस अधीक्षकांकडे, शहराची हद्द असेल तर वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे. तारीख, वेळ, किलोमीटरचा दगड आणि शिपायाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव. दोन्ही एकाच अर्जात घातलंत, तर वाचणारा बाबू ‘दंड चुकवण्यासाठी केलेली तक्रार’ असा शेरा मारून फाइल बंद करतो. मी अशा फायली बंद होताना पाहिल्या आहेत.

एक बारीक गोष्ट राहिली. २०१९च्या त्याच दुरुस्तीत कलम २१०ब आलं : कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. तो शिपाई पुढच्या नाक्यावर हेल्मेटविना मोटारसायकलवर दिसला, तर त्याचाही फोटो काढायला हरकत नाही. फक्त स्वतः गाडी चालवत असताना काढू नका.